घोड्यांचे कंट्रोलर

घोड्यावर एकदाही न बसता घोडेस्वारीचा क्लब चालवणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. क्लब म्हणजे फार काही नाही. वांगणीच्या पलीकडे एका सभासदाच्या फार्महाऊसवर पत्र्याचा तबेला, त्यात चार घोडे, आणि दर रविवारी अंबरनाथ-बदलापूरहून येणारे आम्ही अकरा हौशी लोक. त्यात एक दाताचे डॉक्टर, उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले शेठ, दोन शिक्षिका वगैरे. मी सेक्रेटरी, कारण ज्या सभेत सेक्रेटरी निवडला त्या सभेला मी गैरहजर होतो. मामा विठ्ठलवाडीच्या बस डेपोत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. मामी गेल्यावर ते वर्षभर गॅलरीत खुर्ची टाकून बसले. पेपरसुद्धा उघडेनात. हिने माझ्यामागे लकडा लावला, म्हणून एका रविवारी त्यांना मोकळ्या हवेला तबेल्यावर घेऊन गेलो. दुपारपर्यंत ते खाटेवर गप्प होते. मग तासभर उशीर करून चार घोडे चार दिशांनी परतताना दिसले, तसे ते ताडकन उठले आणि म्हणाले, "अरे, हे काय चाललंय? टाइमटेबल नाही का ह्यांना?" बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकून मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी ते तक्ता घेऊनच आले. घोड्यांची नावं त्यांनी बाद केली आणि नंबर दिले. आमच्या फेरफटक्याला 'रूट' म्हणायला लागले, घोडा जिथे हटकून गवताला तोंड लावतो त्या जागेला 'विनंती थांबा', आणि एकदा डॉक्टर चिखलात पडले तेव्हा शेऱ्यात 'ब्रेकडाउन' असं लिहून त्यांची सही घेतली. तीन नंबरचा घोडा वरातींतून निवृत्त झालेला. लांब कुठे बँड वाजला तरी तो जागीच नाचायला लागायचा आणि वरच्या माणसाला नवरदेवासारखं कसंनुसं हसत बसावं लागायचं. मामांनी आसपासच्या पाच गावांतल्या लग्नांच्या तारखा मिळवल्या आणि तेवढ्या दिवशी तीन नंबरच्या सगळ्या फेऱ्या रद्द केल्या. "मामा, तुम्ही एकदा बसून तर बघा," असा आग्रह केला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "कंट्रोलर कधी गाडी चालवतो का?"

क्लबचं वर्ष सुरू होतं दसऱ्याला. पहिल्या दसऱ्याची व्यवस्था मामांनी आपल्याकडे घेतली आणि डेपोतल्या रिवाजाप्रमाणे झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ आणि सोळा लिंबं आणली. सोळा कशाला, हे पूजेच्या वेळी कळलं. चार घोड्यांच्या प्रत्येक पायाखाली एकेक लिंबू ठेवून घोडा पुढे घ्यायचा होता. एक नंबरने मान खाली घातली, पुढच्या पायाजवळचं लिंबू उचलून खाल्लं आणि असं तोंड केलं की शिक्षिका बाईंनी डोळे मिटून घेतले. शेठ ओरडले, "अरे साईं, घोडा है, ट्रक नहीं!" मामा जराही डगमगले नाहीत. "गाडी लिंबू चिरडते, ही गाडी खाते. नजर उतरली की झालं." थंडीतल्या पोपटीचीही तीच गत. मडक्यात वालाच्या शेंगा आणि अंडी भरायची, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून वरून जाळ करायचा आणि वास सुटेपर्यंत गप्पा मारायच्या, हा खरा प्रकार. पण मामांनी मडकं उघडायची वेळ दोन चाळीस लिहिली होती, त्यामुळे दोन चाळीसला मडकं उघडलं. कच्चे वाल आम्ही शिस्तीत चावून खाल्ले.

पण मामांचा खरा जीव घोड्यांच्या वाटेत होता. आमची निम्मी वाट हिराबाई नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकरीण बाईंच्या भातशेताच्या बांधांवरून जायची. भात कापलं की मृगापर्यंत घोडे खुशाल न्या, पण टापांनी ढासळलेला बांध पेरणीआधी नीट करून द्या, नाहीतर शेतात पाणी ठरत नाही, एवढीच त्यांची अट. ही अट मान्य करताना आम्ही अकराही जणांनी माना डोलवल्या आणि घरी जाऊन विसरलो. मामा विसरले नाहीत. रविवारची मोडतोड सोमवारी दुरुस्त झालीच पाहिजे, हा त्यांचा कायदा. दर सोमवारी सकाळी ते पिशवीत कोयता आणि भाकरी घालून एकटे वांगणीला उतरायचे, तबेल्यातलं फावडं-घमेलं घ्यायचे आणि दिवसभर बांध लिंपायचे, काटे तोडायचे, वाटेतले दगड बाजूला करायचे. हिराबाई पहिल्या वर्षी लांबूनच संशयाने बघत होत्या. दुसऱ्या वर्षी चहा घेऊन आल्या आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, "मामा, बांध घोऱ्यांनी फोरला. त्यांना सोरून तुमी का राबताव?" मामांना हा प्रश्नच समजला नसावा. मला मात्र उत्तर ठाऊक होतं. सोमवार आहे म्हणून हा माणूस रविवारी रात्री वेळेवर जेवतो, हे हिने मला कितीदा सांगितलं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये हिराबाईंच्या मुलांनी ती जमीन विकली. तिथे इमारती होणार. क्लबची सभा भरली आणि चहा निवायच्या आत ठराव झाला की यापुढे घोडे फार्महाऊसच्या आवारातच गोल फिरवावेत. कुणाचंच फार अडलं नाही. मामा सभासद नसल्यामुळे सभेला नव्हते, त्यांना सांगायचं काम अर्थातच सेक्रेटरीचं. मंगळवारी संध्याकाळी मी विठ्ठलवाडीला गेलो, जिन्यात वाक्यं जुळवली, ते चिडले तर काय बोलायचं हेही ठरवलं. मामा गॅलरीत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "कळलं मला. काल गेलो होतो ना. हिराबाई म्हणाल्या, पोरांनी जमीन इकली, मामा, आवंदा भात नाय लावाचा, कशाला बांध लिंपताव?"

"मग?"

"मग काय. अर्धा झाला होता, पुरा करून आलो."

त्यांनी खालच्या रिक्षांकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात, बसची चौकशी करावी तसं, त्यांनी मला विचारलं, "आता सोमवारी मी कुठं जाऊ?"

 मी सरळ थाप मारली. म्हटलं, टेकडीच्या मागून एक जुनी बैलगाडीची वाट आहे, क्लबने ती उघडायचं ठरवलंय, पण करणारं कुणी नाही. ती वाट मी लांबून एकदाच पाहिली होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावात गेलो, ती वाट ज्यांच्या जमिनीतून जाते त्या चार घरी हातापाया पडून परवानगी मिळवली आणि मग क्लबला कळवलं. डॉक्टर म्हणाले, "तिथे घोड्याचा पाय मोडेल." खरंच होतं ते. वाट कसली, करवंदी आणि घाणेरीचं रान माजलेलं, मधे दोन ओहळ, आणि दगड तर विचारू नका. पावसाचे चार महिने काम बंद होतं, दसऱ्यानंतर पुन्हा जोरात सुरू झालं. सोमवारी मामा एकटे असतात. रविवारी मात्र घोडे आवारात दोन गोल फेऱ्या मारून सावलीला उभे राहतात आणि आम्ही पाच-सहा जण कोयते घेऊन पायी मामांच्या मागे जातो. शेठसुद्धा येतात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. यायला कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी डॉक्टरांनी घाम पुसत विचारलं, "मामा, घोडे इथून कधी जाणार?" मामांनी साफ झालेल्या तुकड्याकडे पाहिलं, पुढच्या जाळीकडे पाहिलं आणि मनाशी हिशेब करून म्हणाले, "दोन वर्षं. जास्तीत जास्त."

येत्या चैत्रात मामांना एकोणऐंशीवं लागेल.  शेठ खाली बघून कोयत्याला धार लावत राहिले.

मी म्हटलं, "तीन धरा, मामा. घाई कसली आहे?"