मोहरीवरची अळी

प्रिय ईरा आणि ओम,

गेल्या आठवड्यात ईराने शाळेच्या प्रकल्पाचं चित्र पाठवलं. पानावर हिरवट, बिनपायांची, एका टोकाला निमुळती अळी. खाली लिहिलं होतं, 'ही फुलमाशीची अळी. ही मावा (रोपांचा रस शोषणारी बारीक कीड) खाते.' ते पाहून तुमच्या या आजीला जेवण गेलं नाही. का, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हा चांदवडचा प्रवास लिहिते आहे.

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या माहेरच्या, चांदवडच्या शेतातून सुमनवहिनींनी अशाच अळीचा फोटो पाठवला होता. बांधावरच्या मोहरीवर पुष्कळ होत्या. ही काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी लगेच उत्तर दिलं, 'कीड आहे. कांद्यावर जायच्या आत फवारून घ्या.' त्यांनी लगेच फवारलं.

ईराचं चित्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला घरून, इंदिरानगरहून निघाले. एसटी गावात गेलीच नाही. कंडक्टरने हायवेवर उतरवलं. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. शेवटचा अर्धा मैल अनवाणी चालले.

आमच्या शेतात आईच्या वेळेपासून घरचंच उळं (कांद्याचं बी) धरतात. ते वर्षभरच टिकतं, पुढच्या वर्षी नीट उगवत नाही. यंदाची रोपं अवकाळी पावसात सडली. त्यामुळे बियाण्यासाठी लावलेले जुने कांदे तेवढे उरले होते. त्यांचे डोंगळे (फुलांचे दांडे) कमरेपर्यंत आले होते, टोकाला पांढरे गोंडे. दर वर्षी तिथे अखंड गुणगुण असते. या वेळी हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते.

एका गोंड्यात मेलेली माशी सापडली. मधमाशीसारखेच पिवळे-काळे पट्टे, पण पंख दोनच, आणि डोक्यापेक्षा डोळेच मोठे. जिवंतपणी ती हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते, मध पिते, परागकण या गोंड्यावरून त्या गोंड्यावर नेते. अंडी मात्र मावा असेल तिथे घालते, म्हणजे बाहेर येताच अळीला खाणं मिळतं.

वहिनी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा हाताला गुंडाळून एकेक गोंडा कुरवाळत चालल्या होत्या. माश्या नाहीत, तर परागकण असे हाताने पोचवायचे. मी जवळ जाऊन सांगून टाकलं.

"वहिनी, ती कीड नव्हती. ती मावा खाणारी होती. तिचीच ही माशी होते. मी चुकीचं सांगितलं."

त्यांचा हात थांबला नाही.

"ही माशी आमी रोज बघतो. चावत नाय, म्हणून हाकलत पन नाय. अळी हिचीच हाय, हे कुनाला ठावं?" दोन गोंडे झाल्यावर म्हणाल्या, "तुमाला विचारन्यापरीस त्या अळीलाच विचारलं आसतं, वन्सं."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

दुपारी बाजरीची भाकरी आणि पात घातलेलं पिठलं होतं. वहिनींनी न विचारता दुसरी भाकरी वाढली. जेवण होताच लुगड्याचा आणखी एक तुकडा फाडून माझ्या हातात दिला. चारपर्यंत आम्ही ओळीने गोंडे कुरवाळले. किती बी धरेल, हे मी विचारलं. मागे एकदा असं केलं होतं, तेव्हा बरेच गोंडे पोचटच निघाले होते, एवढंच त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. तिथे येईपर्यंत पंपातलं औषध संपलं होतं, म्हणून एक वाफा आणि त्याच्या कडेची मोहरी तशीच राहिली होती.

परतीच्या एसटीत हाताला कांद्याचा वास येत होता. इंग्रजी शिकले म्हणून माहेरचे सगळे मला विचारतात, आणि 'मला माहीत नाही' असं मी त्यांना आजवर कधी म्हटलेलं आठवत नाही. अळीचा फोटो आला त्या दिवशी तेवढं म्हटलं असतं, तर शेत गुणगुणत राहिलं असतं.

गोठ्यामागचा तो एक वाफा आहे. त्यावर तीन माश्या होत्या. मोहरीच्या एका पानामागे, माव्यात तोंड घालून, एक अळी होती. ती आम्ही तिथेच राहू दिली.