एका सुईला एक पापड

कल्याणात असं बोललं जायचं की बुडतं गलबत सांभाळायचं असेल तर त्र्यंबकरावांना बोलवा. गलबत बुडेलच, पण उतारू हसत बुडतील. त्याला कारण होतं. त्र्यंबकराव एका संगीत नाटक कंपनीचे व्यवस्थापक होते. बोलपट आले आणि कंपनीचं गलबत बुडालं. नट पांगले, ऑर्गन गहाण पडला, आणि त्र्यंबकरावांच्या पदरात तीन गोष्टी उरल्या: एक पितळी घंटा, राजवाड्याचा रंगवलेला पडदा आणि दारावर तिकिटं फाडणारा सहदेव. घंटा आणि पडदा घरात ठेवले. सहदेव आपणहून राहिला.

सन अठ्ठेचाळीस उजाडलं तेव्हा कल्याणपलीकडच्या ओसाड माळावर, लढाईच्या वेळी सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकी माणसांनी फुलून गेल्या होत्या. सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं. एकेका बराकीत साड्यांचे आणि चादरींचे पडदे बांधून वीस-वीस संसार. त्यांना मदत पोचवायला सरकारने एक अधिकारी नेमला. तो पोटाच्या विकाराने घरी गेला. विकार म्हणजे लोकांनी कचेरीला घातलेला वेढा. दुसरा मागच्या खिडकीतून निसटला, घाईत एक बूट विसरला. तो बूट कचेरीतल्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला होता. तिसऱ्या वेळी अर्ज आला तो एकच, त्र्यंबकरावांचा.

"अहो, तिथे दगड मारतात म्हणे," सरोजवहिनींनी पोळी उलटताना विचारलं.

"अगं, नाशकात टोमॅटो आले, सोलापुरात चपला आल्या. दगड म्हणजे बढतीच की!"

"मग डोक्याला मुंडासं बांधून जा. टोपीने काही भागायचं नाही."

त्र्यंबकराव काळा कोट घालून, सहदेवला घेऊन टांग्यात बसले. मुंडासं मात्र त्यांनी पिशवीत घेतलं होतं, हे वहिनींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी घोळ घातला. कंपनीत एक रीत होती: नट रुसले की व्यवस्थापकाने स्वतः पंगतीत वाढायचं, आग्रह करायचा, रुसवा भाताबरोबर गिळला जातो. त्र्यंबकरावांनी एका बराकीपुढे पंगत मांडली. पत्रावळी, भात, आमटी. स्वतः पंचा खांद्यावर टाकून आमटीची बादली घेतली आणि एका धिप्पाड, पांढऱ्या ओढणीच्या बाईपुढे ओणवे झाले.

"लो माताजी, और लो! संकोच मत करो, सब तुम्हारा ही है! ऐसा कैसा नहीं चलेगा, एक डाव तो लेनाच पडेगा!"

बाईने पत्रावळीवर आडवा हात धरला. त्र्यंबकरावांनी त्या हाताच्या बाजूने डाव वळवला. आपल्याकडे आडवा हात म्हणजे 'अजून थोडं वाढा'. बाई उठल्या. पत्रावळ उचलली आणि शांतपणे त्र्यंबकरावांच्या कोटावर उपडी केली.

"हम घर छोड़के आए हैं, साईं," त्या म्हणाल्या, "हाथ छोड़के नहीं आए. काम देना हो तो दो. भीख मत दो."

सारी पंगत त्यांच्यामागे उठून गेली. कोटाच्या खिशातून आमटीतलं कोकम काढत त्र्यंबकरावांनी विचारलं, "सहदेवा, ही कोण?"

"सतीबाई. शिकारपूरला दोन मजली घर होतं म्हणे. बराकीत शब्द चालतो तो हिचा. मालक, नायिकाच आहे. फक्त आपल्या कंपनीत नाही."

त्या दिवसापासून पंगत बंद झाली. कोरडा शिधा द्यायचा आणि तोंड मिटून द्यायचा, असं त्र्यंबकरावांनी ठरवलं. सतीबाईंनी शिध्यातल्या उडदाचे पापड लाटायला सुरुवात केली, शेजारणींना लावलं, आणि पापडांच्या चवडी डोक्यावर घेऊन बाया कल्याणच्या आळ्याआळ्यांतून हिंडू लागल्या. सरोजवहिनींनीही घेतले. "तुमच्या त्या रागीट बाई," त्या म्हणाल्या, "भावात एक इंच हलत नाहीत. आणि मी घासाघीस नाही केली तर तोंड पाडतात!" त्र्यंबकराव हसले. त्या वाक्याचा पुढे केवढा उपयोग होणार होता, हे तेव्हा त्यांना कुठलं कळायला.

उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तळाला गेलं आणि पटकी आली. आधी एक म्हातारा गेला, मग त्याच्या शेजारचं तान्हं. ठाण्याहून विश्राम नावाचा तरणा डॉक्टर टोचणीचं सामान घेऊन आला. बराकीत शिरला आणि तितक्याच वेगाने बाहेर आला. कुणी सांगितलं होतं, सुईने बायकांना मूल होत नाही. कुणी म्हणालं, सरकारला बराकी रिकाम्या करायच्यात, त्याची ही युक्ती. डॉक्टरच्या पाठीत एक वीट बसली होती. सुदैवाने मऊ, मातीची.

"त्र्यंबकराव," डॉक्टर दम खात म्हणाला, "वरून हुकूम आहे. शनिवारपर्यंत टोचण्या झाल्या नाहीत तर वस्ती मोडायची. एक आगगाडी देवळालीला, एक कोल्हापूरला, एक आणखी कुठे. जिथे जागा मिळेल तिथे."

"म्हणजे एकमेकांचा हात धरून इथवर आलेली माणसं पुन्हा पांगवायची?"

"मला विचारू नका हो. मला फक्त सुई टोचता येते."

पांगणं म्हणजे काय ते त्र्यंबकरावांना ठाऊक होतं. कंपनी मोडली त्या सकाळी स्टेशनावर जो तो आपापल्या गाडीत चढला होता, आणि नंतर कुणी कुणाला दिसलं नव्हतं. ती तर पगारी माणसं होती. ही रक्ताची.

मग त्यांनी मांडी थोपटली. "डॉक्टर, सुई फुकट देता ना तुम्ही?"

"अर्थात! सरकारी आहे."

"तिथेच माती खाल्लीत! अहो, फुकट पासवाला प्रेक्षक कधी पाहिलाय? तो उशिरा येतो, पंख्याखाली जागा मागतो आणि पहिल्या अंकात 'काही दम नाही' म्हणून उठतो. तिकीटवाला ढेकूण चावले तरी शेवटपर्यंत बसतो. उद्यापासून सुई विकत!"

"विकत? माझी नोकरी जाईल!"

"पैसे घेतले तर ना. एका सुईला एक पापड."

दुसऱ्या दिवशी माळावर राजवाड्याचा पडदा उभा राहिला. सोनेरी खांब, मोर, कारंजं, आणि कारंज्यापुढे पिंप उलटं घालून बसवलेला डॉक्टर. दाराशी कंपनीच्या जुन्या डगल्यात सहदेव. सिंधी लिपीत एका मास्तरांकडून पाटी लिहून घेतली: 'सुई, एक पापड. फुकट कोणालाही मिळणार नाही.' त्र्यंबकरावांनी घंटा दिली. पहिली, दुसरी, तिसरी.

तीन माणसं कुतूहलाने पुढे आली. सहदेवने हात आडवा केला. "हाऊसफुल्ल! कल आना."

"अरे गाढवा!" डॉक्टर पिंपावरून ओरडला. "एकही टोचला नाही अजून!"

"गप बसा," त्र्यंबकराव दबक्या आवाजात म्हणाले. "रिकाम्या थिएटरला कोण येतं? परत पाठवलेला माणूस गावभर सांगतो."

आणि तसंच झालं. दुसऱ्या सकाळी पडद्यापुढे रांग होती. प्रत्येकाच्या हातात पापड. पण रांग पुढे सरकेना, कारण तिच्या तोंडाशी सतीबाई उभ्या होत्या.

"एक पापड में कितनी सुई?"

"एक," त्र्यंबकराव म्हणाले.

"मेरे घर में छे जने हैं. दो पापड में छे."

त्र्यंबकरावांचा मूळ पिंड जागा झाला. त्यांच्या वडिलांचं पारनाक्यावर किराणा दुकान होतं आणि त्यात घासाघीस करणाऱ्याला दारातूनच 'पुढचं दुकान बघा' म्हणायची पद्धत होती. तोच ताठा आपोआप ओठांवर आला. "एकच भाव. परवडत असेल तर घ्या, नाहीतर रस्ता मोकळा आहे."

सतीबाईंनी मान हलवली आणि पाठ फिरवली. त्यांच्यामागे दुसरी बाई वळली, तिसरा म्हातारा वळला. रांग दोरीसारखी उलगडत बराकीकडे चालू लागली. पापड हातातच.

डॉक्टर कपाळाला हात लावून बसला. त्र्यंबकरावांना सरोजवहिनींचं वाक्य आठवलं: घासाघीस नाही केली तर तोंड पाडतात. हिला सवलत नको होती. हिला दुकान हवं होतं. दुकानदार हवा होता, जो ओढाताण करेल आणि शेवटी आपल्याला जिंकू देईल. भिकाऱ्याशी कोण घासाघीस करतं?

पारनाक्यावरच्या त्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी गिऱ्हाइकाला परत हाक मारली नव्हती. त्र्यंबकरावांनी कोटाची टोकं धरली आणि माळावरून धूम ठोकली.

"ठहरो! माताजी, ठहरो! पांच पापड में छे!"

सतीबाई थांबल्या नाहीत. चाल मात्र किंचित मंदावली.

"चार! चार में छे! मेरे बाल-बच्चे भूखे मरेंगे!"

"तुमको बच्चा कितना?" पाठमोऱ्या सतीबाईंनी विचारलं.

"एक भी नहीं! लेकिन होते तो मरते!"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. सतीबाई वळल्या. त्यांच्या तोंडावर कित्येक महिन्यांत कुणी न पाहिलेली चमक होती. बाजारात उभ्या राहिलेल्या बाईची.

"तीन में छे. और पहले माल दिखाओ. पहली सुई तुमको."

आता खरी गंमत सांगायची तर त्र्यंबकरावांना सुईचं भयंकर भय. कुणाचं नाक टोचताना दिसलं तरी ते खोलीबाहेर पळायचे. कंपनीत त्यांनी आयुष्यात एकदाच रंगमंचावर पाऊल टाकलं होतं, दूत म्हणून, आणि 'महाराज, शत्रू चालून आला' ऐवजी 'महाराज, चहा आला' म्हणाले होते. पण त्या दिवशी ते राजवाड्याच्या पडद्यापुढे गेले, बाही वर केली आणि डॉक्टरकडे असं पाहिलं की जणू राज्याभिषेक आहे.

सुई टोचली. त्र्यंबकराव हसले. मोठ्याने हसले. "वाहवा! गुदगुली होती है!"

सतीबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. पापड मोजून डॉक्टरच्या मांडीवर ठेवले आणि हात पुढे केला. मग रांग सुरू झाली. आणि काय ती रांग! जो तो भाव पाडत होता. एकाने अर्ध्या पापडात सासूची टोचणी मागितली, दुसऱ्याने सुई मोठी देणार असाल तर एक पापड जास्त देतो म्हटलं. सहदेव घसा बसेपर्यंत ओरडत होता. त्र्यंबकराव मात्र पडद्यामागे, मोराच्या पाठीशी, चितपट पडले होते. सहदेवने त्यांच्या तोंडावर पाणी मारून विचारलं, "मालक, आता काय म्हणू? मध्यंतर?"

शनिवारी वरचे साहेब आले. टोचण्या झालेल्या, आगगाड्या रद्द. साहेबांनी कचेरीत डोकावलं तर खोलीभर पापडांचे डोंगर, आणि एका डोंगरावर तो जुना बूट.

"हे काय?"

"तिकीटविक्री," त्र्यंबकराव म्हणाले. "घरी न्या थोडे. पण फुकट मागू नका, बायका रागावतात."

चार-पाच वर्षांनी त्या माळाचं उल्हासनगर झालं होतं, सतीबाईंचं स्वतःचं दुकान झालं होतं, आणि त्र्यंबकराव निवृत्त होऊन कल्याणातल्या हौशी मंडळींचं नाटक बसवत होते. प्रयोगाच्या दिवशी दारावर गलबला ऐकून ते बाहेर आले. सतीबाई, सुना, नातवंडं, आणि त्यांच्यापुढे घामाघूम सहदेव.

"मालक, मी म्हटलं तुम्हाला पास आहेत, तर अंगावर आल्या!"

"पास?" सतीबाई गरजल्या. "मैं भिखारी हूं? तिकट बोलो. और पहली लाइन का भाव इतना क्यों?"

त्र्यंबकरावांनी धोतराचा सोगा सावरला, सहदेवला बाजूला केलं आणि दारात पाय रोवून उभे राहिले.

"एकच भाव," ते म्हणाले.

सतीबाईंनी पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरू लागल्या, अगदी सावकाश, हाक ऐकू येईल इतक्या.