सीझन संपेपर्यंत न धुतलेली जर्सी

त्या पहाटे बेल वाजली नाही. चहाचं आधण ठेवून, टीव्ही लावून, एसी सोळावर नेऊन मी शाल पांघरून बसले होते आणि बेनेडिक्टभाऊंच्या नावानं बोटं मोडत होते. मॅच सुरू व्हायला आली तरी माणसाचा पत्ता नाही! शेवटी बेलऐवजी फोन वाजला. कॅनडाहून त्यांची मुलगी, जेनिस. "आंटी, डॅडी फोन उचलत नाहीत. झोपले काय? उठवा ना, टीम आली पण ग्राउंडवर." मस्कतला मदिनत सुलतान काबूसमधल्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. एकमेकांच्या किल्ल्याही एकमेकांकडे असायच्या. फोन कानाला तसाच धरून मी त्यांचं दार उघडलं. हॉलमधल्या खुर्चीच्या पाठीवर जर्सी पसरून ठेवलेली होती, नुकतीच इस्त्री केलेली. ते आत पलंगावर होते. मी हाक मारली, मग हात लावला... "उठले?" जेनिस विचारत होती. माझा हात त्यांच्या गार कपाळावर तसाच होता. मग तिचा आवाज येईनासा झाला.

बेनेडिक्टभाऊ वसईचे. इथल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होते. चादरी, टॉवेल, वेटरांचे कोट यांत उभी हयात गेलेली. डाग हा त्यांचा जन्माचा वैरी. माझ्या ओढणीवर हळदीचा डाग दिसला की बोलणं अर्धवट सोडून म्हणायचे, "वहिनी, ते आधी इधर द्या. लिंबू आहे काय घरात?" पाहुण्यांसमोरसुद्धा! आमचे हे चिडवायचे, की हा माणूस स्वर्गात गेला तर आधी देवदूतांचे झगे तपासेल. भाऊ त्यावर गंभीरपणे म्हणायचे, "तपासायलाच पाहिजे. सफेद कपड्याचं काय खरं नाय."

बायको, फिलोमिना, लवकर गेली. जेनिस इथेच इंडियन स्कूलमध्ये शिकली, नर्स झाली आणि कॅनडाला गेली. भाऊंनी वसईत तिच्यासाठी घर बांधलं होतं. वर गच्ची, मागे विहीर, परसात जांभळाचं झाड. दोन-चार वर्षांनी पोरगी परत येईल, आपणही इथली नोकरी खलास करून जाऊ, असा त्यांचा हिशोब. एक दिवस तिनं सांगितलं, की मी परत येणार नाही, माझं आयुष्य आता इथं आहे. भाऊंनी फोन ठेवला, तो ठेवलाच. किती महिने! ती फोन करायची, भाऊ वाजू द्यायचे. मी मध्ये पडायला गेले तर म्हणाले, "वहिनी, दुसरं काय पण बोला." मीही कमी नाही. तरातरा उठून आले आणि चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चार दिवसांनी तेच बेकरीतून गरम खबूस रोट्या घेऊन दारात उभे राहिले, आणि विषय तिथंच राहिला.

मग जेनिसनं एक फोटो पाठवला. तिच्या शहरातलं मोठं बंदिस्त स्टेडियम, खाली पांढराशुभ्र बर्फ, त्यावर हेल्मेट घातलेले राक्षसासारखे पुरुष, आणि पुढे ही, अंगात संघाची निळी जर्सी, तोंडभर हसू. भाऊंनी तो फोटो मला दाखवला, मोठा करून पाहिला, पुन्हा मोठा केला, आणि इतक्या महिन्यांनी मुलीला पहिलं वाक्य लिहिलं, "यात चेंडू कुठे आहे?" तिनं लगेच लिहिलं, की डॅडी, चेंडू नसतो, पक असतो, काळी चकती. भाऊंनी लिहिलं, ती पण दिसत नाही. घर नाही, आई नाही, परत येणं नाही. बापलेक चकतीवर बोलायला लागले.

पुढच्या सीझनला तिनं वडिलांना तीच जर्सी पाठवली. मापात इतकी मोठी, की आत दोन बेनेडिक्ट मावले असते. आणि मग आमच्या घरावर आइस हॉकीचं संकट कोसळलं. त्यांच्या छोट्या टीव्हीवर पक दिसायचा नाही, आमचा मोठा; शिवाय डबे करायला मी पहाटे उठतेच. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा आमच्याकडे पहाट. या वेळेच्या भानगडीत पहिल्याच मॅचला घोळ झाला. गुरुवारची मॅच म्हणून भाऊ गुरुवारी पहाटे जर्सी घालून हजर. टीव्हीवर कोणीतरी गाड्यांचे टायर विकत होतं. फोन लावला तर जेनिस ड्युटीवर. "डॅडी, इथे अजून बुधवार आहे!" आणि ती अशी हसली, की फोनमधून खोली भरली. भाऊ जर्सी काढून घरी गेले आणि शुक्रवारी पहाटे पुन्हा आले. त्या हसण्यासाठी हा माणूस रोज चुकीच्या दिवशी यायला तयार झाला असता, हे मी तेव्हाच ओळखलं.

एसी सोळावर पाहिजे, कारण "बर्फाचा खेळ घामात बघायचा नाय." बाहेर ओमानचं ऊन भिंती तापवायला निघालेलं असायचं आणि आत मी शालीत कुडकुडत बडबडायची. टेबलावर फोन स्पीकरवर. पलीकडे जेनिस आपल्या घरी तीच मॅच बघत असायची. आता मुलीशी बोला की काहीतरी! पण नाही. दोघंही गप्प. मध्येच ती म्हणायची, "ऑफसाइड." भाऊ म्हणायचे, "हां." मला सुरुवातीला वाटायचं, कसली ही माणसं... मग कळलं, की याच दोघांचा आधी महिनोन्‌महिने संवाद नव्हता. आता एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघत होते, तेवढं त्यांना पुरत होतं.

एक गंमत होती. आमच्या टीव्हीवर मॅच इंटरनेटवरून यायची, म्हणून अर्धं मिनिट मागे. जेनिसला गोल आधी दिसायचा. ती किंचाळायची आणि आमच्याकडे पक अजून मैदानाच्या दुसऱ्याच टोकाला! भाऊ वैतागले. "यल्ला, चल पुरे, तू सगळं आधीच सांगून टाकते. गप बसायचं." तेव्हापासून ती तोंड दाबून बसायची. पण भाऊ फोनकडे कान लावून मला हळूच म्हणायचे, "वहिनी, बघा हां आता. तिचा श्वास अडकलाय." आणि खरंच गोल व्हायचा. टीव्हीपेक्षा मुलीच्या श्वासावर त्यांचं जास्त लक्ष असायचं. त्या शेवटच्या पहाटे मात्र उलटं झालं. जे घडलं ते आधी माझ्या समोर होतं, आणि तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. त्या वेळात मी गप्प होते. मला वाटतं, तिनंही माझ्या श्वासावरूनच ओळखलं.

आता जर्सीबद्दल. सीझन चालू असेपर्यंत ती धुवायची नाही, धुतली तर नशीब जातं, असं जेनिसनं एकदा थट्टेत सांगितलं होतं. आणि डागांच्या या जन्मवैऱ्यानं ते वेदवाक्य मानलं! मॅचआधी इस्त्री करायची, मॅचनंतर हँगरला टांगायची, पण पाणी लावायचं नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण सोडायचे, रात्रीची बिअर सोडायचे, हॉकी आणि मळकी जर्सी मात्र नाही. तिच्या बाहीवर मी दिलेल्या बांगड्याच्या कालवणाचा डाग होता. त्याच्याकडे बघताना त्यांचा जीव अक्षरशः तळमळायचा. "खलास होऊ दे सीझन, मग बघतो तुला," असं त्या डागाला दम देऊन सांगायचे. संघ हरून बाहेर पडला की त्याच दिवशी बादलीत गार पाणी, आधी कॉलर, मग बाह्या, उलटी करून सावलीत वाळत. नवीन सीझनला जुना मळ नको, म्हणायचे.

भाऊंना वसईला नेलं, फिलोमिनाच्या शेजारी ठेवलं. जेनिस कॅनडाहून थेट तिकडेच गेली. त्याच आठवड्यात संघही हरून बाहेर पडला. मग ती इथलं घर आवरायला आमच्याकडे येऊन राहिली. खुर्चीवरची जर्सी तशीच होती. मी तिला हात लावला नव्हता. एके सकाळी पाहते तर बाथरूममध्ये बादली भरलेली, शेजारी जर्सी आणि ही खाली बसलेली. मी ओरडलेच, "वेडी आहेस का? त्यांचा वास आहे त्यात!"

"ठाऊक आहे, आंटी," ती म्हणाली. तिचं मराठी शब्द शोधत शोधत येतं. "मी दोन दिवस तीच जवळ घेऊन झोपते. पण सीझन संपला ना. डॅडी असते तर... त्यांनी एक दिवस पण थांबले नसते."

मी भांडायचं सोडून तिच्याशेजारी बसले. तिनं आधी कॉलर धुतली, मग बाह्या, अगदी भाऊ धुवायचे तशी. पाणी गढूळ झालं. "आंटी, हे ओतू?" एवढं विचारलं आणि तिला हुंदका फुटला. मलाही आवरेना. मग त्या पाण्याच्या बादलीपाशी दोघी किती वेळ रडत बसलो, सांगता येत नाही. शेवटी पाणी मीच ओतलं. बांगड्याचा डाग काही निघाला नव्हता. मी आत जाऊन लिंबू चिरून आणलं. तिनं ते हातात घेतलं, बाहीकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे. हा तुमचा आहे."

घर आवरून ती गेली. जाताना जर्सी इस्त्री करून, भाऊ करायचे तशी चारी कडा जुळवून घडी घालून माझ्या कपाटात ठेवून गेली. ऑक्टोबरमध्ये नवीन सीझन सुरू होईल, तेव्हा पहाटे फोन करणार आहे. मला अजून ऑफसाइड कळत नाही, आणि सोळावर एसी लावला की माझे गुडघे धरतात. तरी बसणार आहे. तिला एक मात्र मी आत्ताच बजावून ठेवलंय. गोल झाला की तोंड दाबायचं नाही, चांगलं ओरडायचं. मला आधी कळलेलं चालेल.