वाटाण्याचे शेंडे

उत्तर फिनलंडमधल्या त्या गावात जुलैचे ऊन मावळायचे जणू विसरूनच गेले होते. जेवणे आटोपली तरी ते खिडकीच्या काचेवर तिरपे, पातळ, ताकासारखे सांडलेले असे आणि ओल्या मातीचा थंड गंध घरभर रेंगाळत राही. माझी लेक मीनल तिथल्या रुग्णालयात परिचारिका. आणि मी, दिग्रसजवळ तीस वर्षे कापूस-तूर केलेला तिचा बाप, तीन महिन्यांचा पाहुणा.

घरामागच्या चार हातांच्या वाफ्यात तिने वाटाणा लावला होता. जूनमध्ये माती जरा उबली की पेरायचे, ऑगस्ट सरता सरता गोठलेले, पीक जाळणारे दहिवर पडायच्या आत तोडायचे. एवढेच काय ते त्या भूमीचे वर्ष. मागचे दोन हंगाम तिच्या हाती काहीच लागले नव्हते. या खेपेला मात्र, बाप परत जाण्याआधी त्याला स्वतः पिकवलेल्या सोल्यांची, ओल्या हिरव्या दाण्यांची, भाजी खाऊ घालायची, हे तिने मनात धरले होते. ड्यूटीवरून आली की कोट न काढताच ती वेलींपाशी जाऊन उभी राही.

आता वाढते रोप दिसले आणि माझी नखे शिवशिवली नाहीत, असे कधी झालेले नाही. आमच्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात, तुरीचे खुडतात. खुडले की फांद्या फुटतात, झाड डेरेदार होते. एका दुपारी ती कामावर असताना मी तो सगळा वाफा मोठ्या ममतेने खुडून काढला. इवल्या कळ्या त्या शेंड्यांतच होत्या. आमच्या तुरीपाशी सहा-सात महिने असतात. या वेलींना पुन्हा फुटून फुलायला उसंतच नव्हती, हे मला बोटांना हिरवा वास लागल्यावर, म्हणजे नेहमीप्रमाणे उशिरा, उमगले.

कामावरून आल्यावर ती वाफ्यापाशी थबकली. "बाबा, शेंडे कोनं खाल्ले हो?"

"ससा असन," मी म्हणालो. छप्पन्न वर्षांच्या जिभेला हे इतके सहज कसे सुचले, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सुट्टीची झोप मोडून तिने वाफ्याभोवती जाळी ठोकली, आणि मी, म्हणजे तो ससाच, खुंट धरून उभा राहिलो.

फांद्या फुटल्या, देखण्या फुटल्या. पण फुले आली तोवर उन्हाला उतार लागला होता, आणि एका पहाटेच्या दहिवराने सगळ्या वेली माना टाकून बसल्या. तिने हाती लागल्या तेवढ्या चपट्या शेंगा गोळा केल्या, आत दाणे नव्हतेच म्हणून सालीसकट परतल्या, आणि मोठा वाटा माझ्या ताटात वाढला.

"बाई, ससा नव्हता तो," मी ताटाकडे पाहत म्हणालो.

"मले माहीत आहे. ससा नखानं नाही खुडत, बाबा."

"मंग जाळी कायले लावली?"

"तुम्ही ससा म्हटलं ना." तिने पोळी पुढे सरकवली.

लहानपणी तिने कधी असे काही खोटे सांगितले असेल, तेव्हा मी ते सांभाळून घेतले होते का, हे इकडे परतल्यापासून आठवून पाहतो आहे. आठवतो तो फक्त माझा चढलेला आवाज.