सिस्टरबाईंचा ग्रुप

"घरी कोणाले हाय?" नव्या माणसाला सिस्टरबाईंचा पहिला प्रश्न हाच असायचा. नाव, गाव, कामधंदा सगळं मागाहून. आणि उत्तर लिहून पाठवलेलं त्यांना चालत नसे, फोनवर बोलावंच लागे. आमच्या सिकलसेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी घरं आहेत, आणि त्यांतलं एकही घर सिस्टरबाईंशी बोलल्याशिवाय आत आलेलं नाही. एक सोडून. त्या एकाबद्दल पुढे सांगणार आहे, कारण ते पाप माझं आहे.

सिस्टरबाई म्हणजे निवृत्त नर्स. सगळी नोकरी जंगलातल्या उपकेंद्रांवर काढली आणि म्हातारपणी ब्रह्मपुरीला येऊन राहिल्या. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार. थंडी पडली, पाणी कमी पिणं झालं की मुलांची हाडं न् हाडं दुखायला लागतात. नोकरीत असताना बाईंनी अशी पोरं मांडीवर घेतली होती. नोकरी सुटली, पण ती पोरं सुटली नाहीत, म्हणून त्यांनी हा ग्रुप काढला. कुठल्या दवाखान्यात गोळ्या आल्या, कुठे रक्त मिळेल, एवढंच तिथे बोलायचं. टाइप करता येत नसे, त्यामुळे बाईंचा सगळा कारभार आवाजी.

मी ग्रुपमध्ये यायला विचारलं तेव्हा मुलगी दुसरीत होती. बाईंचा फोन नेमका शाळेत आला. घरी कोणाला आहे ते मी सांगितलं. लगेच दुसरा प्रश्न आला, "दुखाले लागलं का तुमी काय करता?"

मी गणिताचा मास्तर. प्रश्न सरळ असावा आणि उत्तर लवकर यावं, असा माझा खाक्या. म्हटलं, "बाई, शाळेचं ओळखपत्र पाठवतो ना."

"कार्ड राहू द्या मास्तर. ते कोणीबी छापते. पोरगी रडते तवा काय करता ते सांगा."

मग मी सांगायला लागलो. तव्यावर मीठ गरम करून पोटली बांधतो. तिचे पाय मांडीवर घेतो. पोटरीला हात लावलेला चालत नाही, तळव्याला चालतो. दर थोड्या वेळाने पेलाभर पाणी पाजतो आणि पाढे म्हणायला लावतो, सतराचा येईपर्यंत ती जरा विसरते. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही. वर्गात पोरांनी बाजार मांडला होता आणि मी व्हरांड्यात उभा राहून एका अनोळखी बाईशी बोलत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "या आत."

या प्रश्नातली मेख मला नंतर कळली. जडीबुटीवाले, मोबाइलवर कर्ज वाटणारे, सिकलसेल मुळापासून बरा करतो म्हणणारे बाबा, असे कितीतरी लोक आमच्या ग्रुपवर टपलेले असत. दुखणाऱ्या माणसाला काहीही विकता येतं हे त्यांना पक्कं ठाऊक. "घरी भावाला आहे" एवढं ते पाठ करून येत. पण दुखतं तेव्हा काय करता, याला त्यांचं उत्तर एकच, "डॉक्टरकडे नेतो." बाई म्हणायच्या, "ज्याच्या घरी दुखते तो पयले डॉक्टर नाई सांगत. तो रात कशी काढली ते सांगते."

आत घेतल्यावर बाईंचा आवाज ग्रुपवर यायचा. "हे आजपासून आपल्यात हायेत. वडसाचे हायेत, पोराले तरास हाय. त्यायले कोणी एकदम दहा सल्ले देऊ नका. आज फक्त रामराम, जोहार, जे काय असन ते करा. सल्ले उद्या." आणि खरोखरच त्या दिवशी नुसते नमस्कार येत. माझ्या दिवशी कुरखेड्याच्या एका आजोबांनी फक्त "आलात, बरं झालं" असं पाठवलं होतं. बायकोने ते तीनदा वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला.

हाकलायची पद्धतही त्यांची न्यारी. एका कर्जवाल्या पोराला त्यांनी फोन लावला आणि त्याचं काही ऐकण्याआधीच त्याच्या आईची चौकशी केली. आईचे गुडघे दुखतात म्हटल्यावर कसं बसायचं, काय शेकायचं ते समजावलं. मग म्हणाल्या, "बापू, तुह्या घरी हा आजार नाई हे तुह्यं नशीब. आता मी तुले आत घेत नाई, राग मानू नको." तो बिचारा धन्यवाद देऊन गेला.

पुढे बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आठ दिवस ग्रुप माझ्याकडे आला. मला वाटलं, बाई फार वेळ घालवतात. मी माझी सोय केली. आधी आत घ्यायचं, मग सवडीने फोन. तिसऱ्या दिवशी तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडून एक नंबर आला. आत येताच त्या नंबरवरून एका चूर्णाच्या पाकिटाचा फोटो पडला, खाली तेलुगूत दोन ओळी. म्हटलं, विकायला आला. मी लगेच काढून टाकलं, नंबर ब्लॉक केला आणि वर ग्रुपवर लिहिलं, "एक भोंदू हाकलला." पंचवीस-तीस अंगठे आले. मी खूश.

डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर बाईंनी मागचं सगळं पाहायला घेतलं. मी समोरच बसलो होतो.

"याच्या खाली काय लिवलं हाय, मास्तर?"

"तेलुगू आहे ते."

"तेलुगू हाय ते मलेबी दिसते. लिवलं काय हाय?"

बाईंनी तो फोटो सिरोंच्यातल्या एका जुन्या नर्स मैत्रिणीला पाठवला. तिने वाचून सांगितलं. "हे मुलीला द्यायचं का? विकणारा म्हणतो रोजच्या गोळ्या बंद करा. मुलगी नऊ वर्षांची आहे."

तो नंबर एका आईचा होता. ती विकायला आली नव्हती, विचारायला आली होती. आणि आम्ही, म्हणजे मी, तिच्या तोंडावर दार लावलं होतं. बाईंनी हात पुढे करून माझा फोन घेतला. तो नंबर लावला, कोणी उचलला नाही. मग त्यांनी मैत्रिणीला घर शोधायला लावलं आणि मला म्हणाल्या, "शाळेत सुट्टी टाका." ब्रह्मपुरीहून सिरोंचा म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस एसटीत. डोळ्यांना काळा चष्मा लावून बाई खिडकीशी बसल्या होत्या, पिशवीत मुलीसाठी मुरमुऱ्याचे लाडू.

त्या बाईचं नाव पद्मा. मुलगी खाटेवर पडलेली, डोळे पिवळे झालेले. गोळ्या बंद होऊन आठवडा झाला होता. बाईंनी आधी पोरीला जवळ घेतलं, तिचे पाय चेपत बसल्या, आणि मैत्रिणीकरवी तेलुगूत गोळ्यांचं समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला दवाखान्यात नेलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी पद्माला म्हटलं, "ताई, तुम्हाला काढणारा मीच."

ती मोडक्या मराठीत म्हणाली, "मी विचारली होती सर. तुम्ही बोलले नाही." बाईंनी तिला ग्रुपमध्ये परत ये म्हटलं, तर तिने नकार दिला. गोळ्या देते, ग्रुप नको. बाईंनी आग्रह केला नाही.

परतीच्या गाडीत मी बोलणी खायची वाट पाहत होतो. आलापल्ली मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "मास्तर, दहा भोंदू आत आले तं त्यायले काढता येते. एक माय भाईर गेली तं तिले आणाले किती लागते, पाह्यलं ना?" पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. पण दर रविवारी दुपारी त्या पद्माला फोन करायच्या. त्यासाठी चाळीसेक तेलुगू शब्द शिकल्या, तेही चुकीच्या हेलात. "पिल्ला एट्ला उंदी?" पोरगी कशी आहे, हे तर त्यांना घोटून पाठ झालं होतं. तीन वर्षं एकही रविवार चुकला नाही, आणि पद्मा ग्रुपमध्ये काही आली नाही. मला ते कुसळासारखं सलत राहिलं.

मागच्या हिवाळ्यात सिस्टरबाई गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. माझी आई गेली तेव्हा मी लहान होतो, मला नीट आठवत नाही. पोरकं होणं म्हणजे काय ते मला बाई गेल्यावर कळलं. ग्रुपवर कळवलं, आणि मग आठवलं की रविवारी सिरोंच्यात कोणीतरी फोनची वाट पाहील. मी पद्माला फोन लावला. उचलेल असं वाटत नव्हतं. तिने उचलला.

सांगितल्यावर ती बराच वेळ रडली. मग विचारलं, "अक्का तर गेली. आता तेलुगूवाली बाई आली तर तिच्याशी बोलणार कोण?"

"ग्रुपमध्ये कोणी नाही," मी म्हटलं. "मला अजून येत नाही."

"मग मला घ्या, सर."

मी तिला आत घेतलं आणि त्याच मिनिटाला अ‍ॅडमिन केलं. आता ग्रुपमधून कोणालाही काढायचा अधिकार तिच्याकडे आहे, मलासुद्धा. अजून तरी तिने काढलेलं नाही.