अक्काचा डावा कान

अक्का गेली हे मला तमिळमध्ये कळलं. पापनाशमला एका लग्नाला गेलो होतो, पंगतीत केळीचं पान मांडलेलं, आणि तिच्या भाच्याचा फोन आला. त्याने बिचाऱ्याने काय ते हळू आवाजात, नीट सांगितलं, आणि माझ्या तोंडून मराठीत निघालं, "असं कसं? परवा तर कॉफी दिली तिने मला." त्याने तमिळमध्येच विचारलं, काय म्हणालात? त्याला मराठी येत नाही. शेजारच्या गृहस्थांनी काय झालं म्हणून विचारलं, मी तमिळमध्ये सांगितलं, त्यांनी पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं... माणसं भली होती. पण मला ज्या भाषेत रडायचं होतं, त्या भाषेतलं माणूसच उरलं नव्हतं. तंजावूरच्या बसमध्ये बसलो, खिडकीबाहेर भाताची शेतं मागे पडत होती, आणि मनात सारखं एकच येत होतं, की घरी गेल्यावर हे अक्काला सांगायला पाहिजे.

यमुनाक्का माझी मावसबहीण, माझ्याहून थोडी मोठी. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले, पुढे राज्य गेलं आणि आम्ही राहिलो. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्या सोय. अक्का तिरुवैयारुच्या शाळेत गणित शिकवायची, जन्मभर बसने गेली-आली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर गप्प बसेल तर ती अक्का कसली? सार्वजनिक वाचनालयातली मुलांची खोली तिने रविवारी सकाळपुरती मागून घेतली आणि गल्लीतल्या पोरांना मराठी गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवू लागली. पुस्तकं पुण्याचे नातेवाईक पाठवत. आमच्या पोरांना देवनागरी वाचता येत नाही. मराठी कळतं सगळं, पण बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. वर्षभर वाचलेल्या पुस्तकांवर नवरात्राच्या सुट्टीत स्पर्धा व्हायची. सशाच्या कोटाला कोणत्या रंगाचं बटण होतं, म्हातारीने कावळ्याला आधी काय वाढलं, असले प्रश्न. फळ्यावर गुण लिहायचं काम माझं. माझी हयात रेल्वेच्या तिकीट खिडकीवर गेली, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत अक्काचा माझ्यावर विश्वास होता. बाकी कशाच्या बाबतीत नव्हता.

पहिल्या वर्षी पुण्याचे एक पाहुणे आले होते. एका मुलीने उभं राहून खणखणीत उत्तर दिलं, आमच्या मराठीत, म्हणजे जुने शब्द आणि वर तमिळचा हेल. पाहुणे हसले. "किती गोड बोलते हो ही, माझ्या पणजीसारखी," म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, कौतुकच होतं. पण ते हसले म्हणून पोरं हसली, आणि ती मुलगी जी खाली बसली ती शेवटपर्यंत उठली नाही. तिच्यानंतर एकानेही मराठीत उत्तर दिलं नाही. पाहुण्यांना चहापाणी करून स्टेशनवर सोडून आलो, तर अक्का रिकाम्या खोलीत तशीच बसलेली.

पुढल्या वर्षी तिने नवीन नियम काढला. उत्तर मोठ्याने द्यायचं नाही. ज्याला येतं त्याने उठायचं, अक्काच्या खुर्चीपाशी यायचं आणि तिच्या कानात सांगायचं. मी म्हटलं, "अगं, ही स्पर्धा आहे का मुंज? कानात मंत्र सांगायला?" ती म्हणाली, "मुंजीत मोठा माणूस लहानाच्या कानात सांगतो. इथे उलटं. कानात बोलणाऱ्याला कोण हसतो रे? तू गुण लिही." आणि खरंच, पोरं तिच्या कानात मराठी बोलायला लागली. काय बोलायची, कसं बोलायची, ते तिचं तिला ठाऊक. आम्हाला नुसती तिची मान दिसायची. आडवी हलली की शून्य. तिथे दयामाया नाही, गणिताची बाई शेवटी. काही वर्षांनी तिचा उजवा कान गेला. आधी कबूल करीना, "हल्लीची पोरं पुटपुटतात," म्हणायची. मग एक दिवस गुपचूप खुर्ची खिडकीपाशी नेली आणि डावा कान पोरांकडे येईल अशी वळवून ठेवली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पण त्यानंतर प्रत्येक पोर डावीकडूनच येऊ लागलं.

पापनाशमला निघायच्या आधी तिच्या ओट्यावर कॉफी प्यायला बसलो होतो. ती म्हणाली, "यंदा प्रश्न तू विचार. मला धाप लागते." मी म्हटलं, "माझ्या कानातले केस बघून पोरं पळतील." ती इतकी हसली की हातातली कॉफी हिंदकळली. "नक्को रे, हसवू नको," म्हणाली. तेच शेवटचं...

ती गेल्यापासून मी दिवसभरात मराठी किती बोलतो, तर देवापुढे चार ओळी आणि कुकरला शिव्या. मुलगा चेन्नईत, त्याच्या घरी तमिळ. नातवंडं फोनवर इंग्रजीत विचारतात, जेवलास का? मी तमिळमध्ये सांगतो, जेवलो. समोरच्या ओट्याकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतो आहे, ती लागत नाही. अशात वाचनालयाच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "सार, यंदा स्पर्धा तमिळ पुस्तकांवर घेऊ या का? पोरं जास्त येतील." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला धडकी भरली. रविवारची ती एक खोली गेली, तर या गावात घराबाहेर मराठी शब्द माझ्या कानावर पडायचा नाही. मी म्हटलं, "एकवार जुन्या रीतीने होऊ द्या. पोरं उठली नाहीत, तर पुढच्या वर्षी तमिळ. मी तक्रार करणार नाही."

स्पर्धेच्या दिवशी खुर्ची मी खोलीच्या मधोमध सरळ मांडली. अक्काची जागा घेतोय असं पोरांना वाटू नये म्हणून. पहिला प्रश्न वाचला. कोणी उठलं नाही. दुसरा वाचला. पोरं एकमेकांकडे बघत होती, मागे दारात बाई उभ्या होत्या, वर पंखा कुरकुरत होता. मनात म्हटलं, संपलं. तिसरा प्रश्न वाचला, तशी उजव्या बाजूच्या रांगेतली एक लहान मुलगी उठली. माझा उजवा कान तिला हाताशी होता. तरी ती खुर्चीमागून वळसा घालून डाव्या बाजूला आली, टाचा उचलल्या, हाताचा आडोसा केला आणि मराठीत म्हणाली, "आजा, मला उत्तर ठाव नाही. बोलावंसं वाटलं."

मी वाकून तिच्या कानात म्हटलं, "मलाही." तिने मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. मी उठून फळ्यावर तिच्या नावापुढे शून्य लिहिलं, कारण उत्तर नाही म्हणजे शून्य, हा अक्काचा नियम. परत येऊन बसलो, चौथा प्रश्न वाचला, तर तीन पोरं उठलेली, आणि तिघंही माझ्या डावीकडे उभी.

मला दोन्ही कानांनी चांगलं ऐकू येतं. हे मी पोरांना सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी वाचनालयात लवकर गेलो आणि खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली, अक्का ठेवायची तशी वळवून.