पत्रा गेला मांडवाला

भिजलेली लेंडी तुम्ही कधी पेटवून पाहिलीय का? आमच्या अँडीजच्या पठारावर झाड नावालाही नाही. अल्पाका ही आमची लोकरीची जनावरं, त्यांच्या वाळक्या लेंड्या हेच सरपण. फेब्रुवारी म्हणजे आमचा ऐन पावसाळा; त्या सकाळी तर बर्फच पडत होता आणि प्रिमितिवा क्कावाना चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणी फुंकून फुंकून बेजार झाली होती. मांडीवर नुकतंच जन्मलेलं अल्पाकाचं पिल्लू. आई बर्फातच व्यायलेली. पिल्लू ओलंचिंब, कान गार, आणि आता थरथरायचंही थांबलेलं. थरथर थांबली की वेळ थोडाच उरतो, हे प्रिमितिवाला कुणी शिकवायला नको. यंदा तीन अशीच गेली होती. ही चौथी, त्यातून मादी.

लेंड्या नुसत्या फुसफुसत होत्या. धूर डोळ्यांत, नाकात, जाळ मात्र कुठेच नाही.

"चरबी टाक थोडी," नवरा इलारियो दारातून म्हणाला.

"टाकली. तुझी अक्कल तेवढी टाकायची राहिलीय."

लेंड्या भिजल्या त्या त्याच्याचमुळे. गेल्या आठवड्यात शहरातून मदतवाले येणार होते. पाहुण्यांच्या डोक्यावर पाऊस नको, म्हणून गावसभेत ठरलं की घरटी एक पत्रा मांडवाला द्यायचा. नाही म्हणणाऱ्याचं नाव आमच्याकडे सभेत मोठ्याने वाचतात. इलारियोने मोठ्या ऐटीत सरपणाच्या खोपीवरचा पत्रा काढून दिला. साहेब आले, पंधरा मिनिटं बोलले, फोटो काढले, घरटी एक चादर देऊन गेले. मांडव अजून तसाच उभा. तो सोडवायलाही पुढची सभा भरावी लागते!

"चादरीत गुंडाळ ना तिला," इलारियो चाचरला.

"गुंडाळली होती. पाणी पिऊन बसली ती चादर. चिलटाला तरी ऊब येईल का तिने?"

"पत्रा दिला नसता तर लोक काय म्हणाले असते?"

"येणार आहेत का ते लोक आता फुंकायला?"

तिने फुंकणी भिंतीवर आपटली आणि वर पाहिलं. छपराचं गवत आतून काजळलेलं, खडखडीत कोरडं. पावसाआधीच दोघांनी आठ दिवस खपून शाकारलेलं.

"प्रिमितिवा, नको! छप्पर आहे ते!"

"मला दिसतंय काय आहे ते. खांदा दे."

त्याच्या खांद्यावर पाय देऊन तिने पेंढीमागून पेंढी उपसली आणि चुलीत कोंबली. गवत भडकन पेटलं, आणि मग कुठे लेंड्या नाइलाजाने कडेकडेने लाल झाल्या. बऱ्याच वेळाने पिल्लाने मान हलवली, तिचं बोट चोखलं. तोवर भगदाडातून बर्फ थेट अंथरुणावर पडायला लागला होता. पावसाळा संपायला अजून दीड महिना होता.

"पुरे कर आता," इलारियो मान पुसत म्हणाला.

"लेंड्यांना सांग."

तेव्हा मदत घेऊन येणाऱ्यांनो, जरूर या. पण आमच्याकडून मांडवाची अपेक्षा ठेवू नका. जे काय बोलायचं ते उघड्यावर उभं राहून बोला.